हूक ज्याच्या हातात

मी सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं इंग्रजी शिकवते आहे. या नोकरीनं मला दोन खोडी लावल्या. दुसऱ्याची चूक दिसली की हात लाल पेनाकडे जातो, ही एक. आणि एखादा शब्द डोक्यात शिरला की तो मूळचा कुठला, त्याचं माहेर कोणतं, हे कळेपर्यंत चैन पडत नाही, ही दुसरी. पहिल्या खोडीचा मला पगार मिळतो. दुसरी फुकटची आहे, आणि गेल्या मे महिन्यात ती माझ्या वडिलांना महागात पडली.

सुरुवात शाळेत झाली. मार्चमधला, परीक्षेच्या आधीचा तास होता. नववीच्या एका स्वाध्यायात पाच वाक्यं उलटसुलट दिली होती आणि वर सूचना होती, ती ‘ऑर्डर’ करा. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, वाक्यं कुटनं मागवायची?” सगळा वर्ग हसला. मीही हसले, हे कबूल करते. ती मुलगी मात्र हसली नाही. तिचा भाऊ दुचाकीवरून घरोघर ‘ऑर्डर’ पोचवतो, वडील ज्या कारखान्यात आहेत तिथं ‘ऑर्डर’ आली तरच माग चालतात, आणि टीव्हीवरचा न्यायाधीश हातोडा आपटून ‘ऑर्डर, ऑर्डर’ ओरडतो. मग वस्तू ओळीनं नीट लावायच्या, त्यालाही ऑर्डरच कसं म्हणायचं? “ह्यातला आदीचा अर्थ कंचा, बाई?” तिनं विचारलं. प्रश्न चोख होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं. “उद्या सांगते,” असं मी म्हणाले. शिक्षकाला येत नसलं की तो हेच म्हणतो. मग परीक्षा आली, पेपरांचे गठ्ठे आले, आणि तो उद्या मे महिन्यापर्यंत लांबला.

आमचं घर तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं. वडिलांना आम्ही ‘नान्ना’ म्हणतो. नान्नांनी उभं आयुष्य शहराच्या पूर्व भागातल्या एकाच कारखान्यात वहिफणीचं काम करण्यात घालवलं. ते काम काय, हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

टॉवेल असो की चादर, विणायच्या आधी उभे धागे मागावर चढवावे लागतात. ते शेकड्यांनी असतात आणि एका मोठ्या रुळावर गुंडाळून येतात. मागावर तारांचा एक पडदा असतो, त्याला वही म्हणतात. तिच्या प्रत्येक तारेला मधोमध सुईसारखा डोळा असतो. वहीच्या पुढं लोखंडी दातांची फणी असते. रुळावरचा प्रत्येक धागा आधी वहीच्या ठरल्या डोळ्यातून आणि मग फणीच्या ठरल्या फटीतून ओवून घ्यायचा, एकही मागंपुढं न होता. याला दोन माणसं लागतात. पुढं बसतो त्याच्या हातात हूक असतो. हूक म्हणजे वीतभर पोलादी पट्टी, टोकाला बारीक खाच. तो हूक डोळ्यातून पलीकडे घालतो. मागं बसलेला जोडीदार रुळावरचा नेमका पुढचा धागा वेचून त्या खाचेत अडकवतो. पुढचा ओढून घेतो. पुन्हा हूक, पुन्हा धागा. मध्ये वहीचा पडदा असल्यानं एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, फक्त बोटं दिसतात. नान्ना आणि त्यांचे जोडीदार असे तीस-एकतीस वर्षं समोरासमोर बसले.

त्या जोडीदारांना आम्ही चाचा म्हणायचो. ते घरी दखनी बोलायचे, आम्ही तेलुगू. दोघांची सामायिक भाषा म्हणजे कारखान्याची मराठी. कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की नान्ना माझ्याशीसुद्धा मराठीत बोलतात, इतकी ती त्या जागेला चिकटलेली आहे. त्या मराठीत दोघांचा एक नियम होता: “हूक ज्याच्या हातात, चूक त्याची.” धागा मागच्यानं चुकीचा दिला तरी बोलणी पुढच्यानं खायची, कारण ओढून घेणारा तो. चाचांना हे पटायचं नाही. रंग बघायचं काम माझं, मग रंग चुकला तर बोलणी तुम्ही का खायची, असं म्हणून ते चहाच्या वेळी हटकून भांडण उकरून काढायचे. नान्ना म्हणायचे, “तू हूक धर, मग चूकबी घे.” चाचा हूक धरायचे नाहीत. त्यांची बोटं जाड होती. तसंही बोलणी खायची वेळ फारशी आली नाही. या दोघांनी भरलेला माग सुरू होताना जुने मालक बघायलाही यायचे नाहीत, असं नान्ना अजून सांगतात आणि सांगताना त्यांचा आवाज हमखास चढतो.

दोन वर्षांपूर्वी चाचा गेले. त्याच सुमारास नान्नांच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि दोन्ही डोळ्यांना शुगरनं धरलं. आता त्यांना माणूस ओळखू येतो, अंगणातली मांजर दिसते, पण रंग एकमेकांत कालवल्यासारखे होतात. कारखान्याचं बोलावणं बंद झालं आणि नान्ना बाजेवर बसून राहू लागले. बसून कंटाळले की घरातल्या वस्तू लावायला घ्यायचे. चपला मापानं, डबे उंचीनं, भांडी नादावरून. होय, नादावरून, प्रत्येक वाटी बोटानं वाजवून. मला सकाळच्या घाईत चहाचा डबा सापडायचा नाही आणि मी चिडायचे. एकदा त्यांनी तपासलेल्या आणि न तपासलेल्या वह्या एकत्र करून उंचीनं रचून ठेवल्या, तेव्हा तर मी घर डोक्यावर घेतलं. ते शांतपणे म्हणाले, “मग काय लावू, ते तरी सांग.” मी वह्या परत वेगळ्या करत बसले.

मे महिन्यात एका सकाळी कारखान्यातून फोन आला. जुने मालक आता नाहीत, त्यांचा मुलगा सगळं बघतो. त्याची वहिफणीची नेहमीची जोडी लग्नाला तेलंगणात गेली होती आणि निळ्या पट्ट्यांच्या नॅपकिनचा एक माग तातडीनं भरायचा होता. “काका, जमंल का?” त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत नान्ना “व्हय” म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी मला हाक मारली. “हे नीट झालं तर म्हैन्याला एक-दोन माग देतो म्हनला,” ते म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, “मागं बसशील?”

लहानपणी सुट्टीत, चाचा आजारी पडले की मी मागं बसलेली होते. काम मला येत होतं. नान्नांना आता रंग दिसत नव्हता, पण वहीचा डोळा त्यांच्या बोटांना दिसत होता. तेव्हा रंग मी बघायचा आणि डोळा त्यांनी शोधायचा, असं ठरलं. मालकाला हे सांगायचं की नाही, यावर नान्ना काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. हा एक माग बिनचूक निघाला की नान्ना पुन्हा कारखान्यातले होणार होते. नाहीतर बाज आणि वाट्या होत्याच. त्या सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फडक्यात गुंडाळलेला हूक खिशात ठेवला. मी मनातल्या मनात शंभरदा स्वतःला बजावलं की बाई, हे पोराटोरांचं काम नाही, लक्ष दे.

पहिला दिवस छान गेला, कारण बोलणं शक्यच नव्हतं. आजूबाजूला चाळीसेक माग खडखडत होते, वर पत्रा तापलेला, आणि कापसाचा भुगा घामावर चिकटत होता. सहा निळे, दोन पांढरे. सहा निळे, दोन पांढरे. पुन्हा तेच. वहीच्या फटींतून नान्नांची बोटं दिसत होती. चेहऱ्यावर वय आलं होतं, बोटांवर आलं नव्हतं. शंभर धागे झाले की ते फणीच्या वरच्या पट्टीवर खडूची खूण करायचे आणि बोटानं चाचपून खात्री करून घ्यायचे. माझी पाठ मोडली, मान आखडली, पण एकही धागा इकडचा तिकडे झाला नाही. नान्नांनी जाताना मागावर दोनदा थाप मारली. खूश झाले की ते असं करतात.

घरी आले तेव्हा बोटं वळत नव्हती आणि तोंड मात्र दिवसभर बंद राहिल्यानं खवळलेलं होतं. बोलायला समोर कुणी नव्हतं, नान्ना जेवून आडवे झाले होते. म्हणून मी कपाटातला जाडजूड इंग्रजी कोश काढला. त्याचा कणा कधीच सुटला आहे, नान्नांनीच त्याला नॅपकिनच्या कापडाची पट्टी चिकटवून दिली आहे. मला त्या नववीतल्या मुलीचा प्रश्न आठवला आणि मी ‘ऑर्डर’ काढला. अर्थांची रांगच्या रांग होती. मागणी, हुकूम, शिस्त, क्रम, मांडणी. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरांत, शब्दाचं मूळ. जुन्या रोमच्या लोकांचा शब्द, ‘ओर्दो’. अर्थ ओळ. आणि त्याच्याही आधी, बहुधा, मागावर लावलेल्या धाग्यांची ओळ.

मी ते तीनदा वाचलं. बावीस वर्षं मी पोरांना ‘योग्य क्रमानं लावा’ म्हणत होते आणि त्या शब्दाचं माहेर आमच्याच घरात निघालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला हसू आलं आणि पाठोपाठ डोळ्यांत पाणी आलं. नान्नांना उठवून सांगावंसं वाटलं, पण त्यांनी इतक्या दिवसांनी अशी थकून झोप घेतली होती की माझ्याच्यानं उठवलं गेलं नाही. उद्या सांगू, असं ठरवलं.

दुसरा दिवस कारखान्याच्या सुट्टीचा होता. वीज बंद, माग बंद. आम्हा दोघांसाठी मालकानं फक्त फाटक उघडून दिलं होतं. ती शेड मी कधीच शांत ऐकली नव्हती. पत्र्याखाली कुठंतरी चिमण्या होत्या, त्यांची चिवचिव ऐकू येत होती. नान्नांचा श्वास ऐकू येत होता. आणि मला सांगायचं होतं! अशा वेळी मला आवर घालणं देवालाही जमलं नसतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“नान्ना, ऑर्डर हा शब्द मूळचा कुठला, माहितीये?”

“मालकाकडचा.”

“तसं नाही हो. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द आहे. रोमच्या लोकांचा.”

“धागा.”

मी धागा दिला. “त्यांच्याकडे त्याचा अर्थ काय होता, सांगू? मागावरच्या धाग्यांची ओळ. हे आपण करतोय ना, हेच.”

हूक अर्ध्यात थांबला. पडद्यापलीकडून आवाज आला, “कोन म्हनतं?”

“कोशात आहे. बहुधा, असं लिहिलंय.”

“बहुदा म्हंजे? मोजलं न्हाय कुनी?”

मी पोट धरून हसले. मग रंगात येऊन सगळी वंशावळच सांगितली. धाग्यांची ओळ हा थोरला अर्थ. ओळीवरून क्रम, क्रमावरून शिस्त, शिस्त ठेवणाऱ्यावरून हुकूम, आणि हुकमावरून मागणी. चहाची ऑर्डर ही सगळ्यात धाकटी. नान्ना हूक घालत होते, मी धागा अडकवत होते, हात आपोआप चालले होते. “म्हंजे हुकूम सोडनारे मागनं आले,” नान्ना म्हणाले, “आदी आपन.” त्यांच्या आवाजात असा काही तोरा होता की मी आणखी फुलले.

“आणि या शब्दाचंच एक भावंड आहे, नान्ना, ‘ओर्दिरी’. त्याचा अर्थ आधी होता विणायला धागे लावणं. आणि मग पुढं—”

“धागा,” नान्ना म्हणाले.

मी धागा दिला. फणीवर खूण करायची वेळ झाली होती, त्यांनी खडू मागितला, तो खाली पडला, मी शोधला. पुढचं सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी माग भरून झाला. नान्नांनी पुन्हा दोनदा थाप मारली.

तिसऱ्या दिवशी माग सुरू झाला आणि चौथ्या दिवशी फोन आला. “काका, जरा येऊन जाता का?” एवढंच.

आम्ही गेलो तेव्हा मागासमोर कापड पसरलेलं होतं. विणकर बाजूला उभा होता, मालक कापडावरून हात फिरवत होता. मला लांबूनच दिसलं. चूक शोधायला सरावलेले डोळे माझे. एका निळ्या पट्ट्याच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक नॅपकिनमध्ये. पाच निळे, एक पांढरा, मग राहिलेला निळा. दोन धाग्यांची अदलाबदल. नान्नांनी धागा बरोबर डोळ्यातून, बरोबर फटीतून ओढला होता. त्यांच्या हातात मुळात भलताच धागा दिला गेला होता, आणि तो मी दिला होता.

“डाव्या काठापासनं कितवा पट्टा?” नान्नांनी विचारलं. मालकानं मोजून सांगितलं. नान्ना मागाजवळ गेले आणि फणीवर बोटं ठेवून डावीकडून सरकवत नेऊ लागले. ओठ हलत होते. एका जागी बोट थांबलं. तिथं ते जरा जास्तच वेळ उभे राहिले. मला कळलं की त्यांनाही कळलं. तिथपर्यंत ओळ आली तेव्हा मी रोममध्ये होते.

ते वळले आणि मालकाला म्हणाले, “माजी नजर, मालक. हूक माज्या हातात हुता.”

“मालक, ते—” मी तोंड उघडलं. नान्नांनी माझं मनगट धरलं आणि तेलुगूत हळूच म्हणाले, “ऊरुको.” गप्प बस.

आणि मी गप्प बसले. त्यांनी सांगितलं म्हणून बसले, असं मी नंतर स्वतःला समजावलं, पण ते अर्धंच खरं आहे. मनगट धरल्याबरोबर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मालकासमोर, विणकरासमोर, ‘इंग्रजीच्या बाईंनी गप्पा मारता मारता धागा चुकवला’ हे ऐकायची माझी तयारी नव्हती. वर्गात मी पोरींना सांगते, चूक झाली तर उभं राहून कबूल करावं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्या दिवशीची माझी मलाच लाज वाटते.

मालक भला माणूस. आवाज चढवला नाही. “असू द्या काका,” तो म्हणाला. “वय हुतंय. लई केलंत आमच्यासाटी. आता आराम करा.” विणकरानं तेवढ्यात दोन धागे तोडले, आपापल्या जागी नेऊन गाठी मारल्या आणि माग सुरू केला. दहा मिनिटांत चूक निघाली. नान्ना तोवर फाटकापर्यंत पोचले होते.

रिक्षात ते बाहेर बघत होते. ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता. मी रुमाल तोंडाला लावून बसले होते. अचानक नान्ना म्हणाले, “त्या भावंडाचं राहिलं.”

“कुठल्या?”

“तू म्हनलीस, त्येचा अर्थ विनायला धागं लावनं, आन मग पुढं... तितं थांबलीस.”

त्यांच्या लक्षात होतं. कुठल्या धाग्याशी मी काय बोलत होते, ते सगळं त्यांच्या मोजणीत बसलेलं होतं. मी रुमाल बाजूला केला. “सुरुवात करणं, नान्ना. आधी विणायची सुरुवात, मग कुठल्याही कामाची सुरुवात.”

त्यांनी मान हलवली. “चांगला शब्द हाय,” म्हणाले. मला रडू आवरलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता, बघू दे म्हटलं.

पुढचे आठ दिवस घरात कुणी काही लावलं नाही. डबे मी ठेवले तिथंच सापडायचे. वाट्या वाजल्या नाहीत. दारातल्या चपला वाकड्यातिकड्या, एकमेकींवर पडलेल्या असायच्या आणि नान्ना त्यांना ओलांडून जायचे. ज्या लावालावीवर मी दोन वर्षं चिडत होते, ती थांबली तेव्हा मला घरात बसवेना. नवव्या दिवशी मी नान्नांना न सांगता कारखान्यात गेले.

मालकाच्या केबिनमध्ये पंखा गरम वारा फेकत होता. मी बसलेही नाही. “चूक माझी होती,” मी म्हणाले. “रंग मी बघत होते. मी बोलत होते, धागा उलटा दिला. नान्नांच्या हातून काही चुकलं नाही. त्यांचं काम बंद करू नका.” आठ दिवस हे वाक्य मी पाठ केलं होतं.

त्यानं मला बसायला लावलं, चहा मागवला. “ताई,” तो म्हणाला, “रंग मागचा बघतो, हे मला ठावं न्हाय व्हय? ल्हानपनी मीबी बसलोय चाचांच्या जागेवर. कापड बघितलं तवाच समजलं, कुनाचा धागा चुकला ते.”

“मग त्यांना का बोललात?”

“मी कुटं बोललो? तेच बोलले.” त्यानं कप माझ्याकडे सरकवला. “शाळा उघडल्यावर त्यांच्या मागं कोन बसनार, सांगा. रंग दिसत न्हाय म्हनल्यावर दुसरं कुनी बसायला तयार हुईना. मी फोन केला तो अडचनीत हुतो म्हनून. येऊ नका म्हनायला माजी जीभ रेटत नव्हती, ताई. बाच्या जागी हायत मला. त्यांनी आपनहून नजर गेली म्हनलं आन माजी सुटका झाली.”

मी चहा पिऊन उठले. त्याच्यावर रागवावं असं त्यात काही नव्हतं. शाळा उघडल्यावर खरंच कोण बसणार होतं? रविवारी मी बसेन, असं म्हणून बघितलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, “माग रविवारची वाट बघत न्हाय, ताई.”

घरी येऊन मी नान्नांच्या बाजेशी खाली बसले आणि सगळं सांगून टाकलं. आता माग मिळणार नाहीत हेही सांगितलं, पण आधी हे, की मालकाला आता खरं माहीत आहे. तुमची चूक नव्हती हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तुमच्या नावाला डाग नाही. मला वाटलं होतं, एवढ्यानं तरी त्यांचा चेहरा उजळेल. काम नाही तर निदान नाव परत आणलं, अशा थाटात मी सांगत होते.

ते ऐकत होते. मग म्हणाले, आणि हे त्यांनी तेलुगूत म्हटलं नाही, घरात बसून कारखान्याच्या मराठीत म्हटलं, “म्हंजे आता चूकबी माजी न्हाय.”

“नव्हतीच ना, नान्ना.”

“काम गेलं हुतं, ते मला ठावं हुतं. म्हैन्याचं मालक नुसतं बोलले, फोन आला तवाच ठावं हुतं, एकच माग हाय हा. शेवटची म्हनून तेवढी चूक माजी ठिवली हुती. तीबी घेऊन आलीस.”

माझ्या डोक्यात तोवर एकच ओळ होती: चूक ही मोठ्या मनानं कबूल करायची, आणि खरं ते सांगून टाकायचं. शेवटच्या मागाची चूकसुद्धा कुणाला स्वतःची हवी असेल, हे माझ्या कुठल्या लाल पेनाला कळणार होतं? मी त्यांचं काहीतरी काढून घेतलं होतं आणि मला ते परत देता येत नव्हतं.

नान्ना उठले. भिंतीवरच्या फळीवर हात फिरवत गेले, एक डबा बाजूला केला, दुसरा केला, आणि फडक्याची ती लहानशी गुंडाळी घेऊन आले. फडकं सोडलं. हुकाची मूठ दोऱ्यानं गुंडाळलेली आहे, वर्षानुवर्षांच्या घामानं तो दोरा काळा झालाय. टोकाची खाच मात्र चकचकीत होती.

“हूक ज्याच्या हातात, चूक त्याची,” ते म्हणाले. “चूक तू घेतलीस. आता हे घे.”

मी ‘नको’ म्हणायला तोंड उघडलं.

“ऊरुको,” नान्ना म्हणाले. त्यांनी माझा हात ओढून घेतला, हूक तळहातावर ठेवला आणि माझी बोटं त्यावर एकेक करून मिटवली, करंगळीपासून, ओळीनं.